कॅरिअरवरचं ओझं

आमच्या विद्यापीठाच्या आवारात गाडी आणायला बंदी आहे. दोन वर्षांपूर्वी कोणा साहेबांनी बाहेर कुठेतरी तसं पाहिलं आणि इथे येऊन हुकूम काढला. तेव्हापासून मोटारसायकली, स्कुट्या सगळं फाटकापाशी जाळीच्या शेडमध्ये ठेवायचं आणि पुढे विद्यापीठाच्या सायकलीनं जायचं. पुढे म्हणजे थोडंथोडकं नाही. वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावहून शेलूबाजारकडे जाताना डाव्या हाताला आमचं फाटक लागतं. तिथून कचेरी दीड किलोमीटर, वसतिगृह दोन आणि माझी वेधशाळा, शेतीच्या प्लॉटांच्याही पलीकडे, पावणेतीन. साहेब स्वतः कचेरीच्या दारापर्यंत गाडीनं येतात. त्यांना कोण विचारणार.

शेड मात्र पक्की आहे. चारी बाजूंनी लोखंडी जाळी, एकच दार, एकच कुलूप, कोपऱ्यात कॅमेरा. आत एका बाजूला पोरांच्या गाड्या आणि दुसऱ्या बाजूला वीस काळ्या सायकली, मागच्या मडगार्डवर पिवळ्या रंगात नंबर. किल्ली युसूफभाईंकडे. मालेगावात त्यांचं सायकलीचं दुकान होतं, ते बसलं तेव्हा ते इथे कंत्राटावर लागले. सकाळी सातला दार उघडायचं, संध्याकाळी सहाला वीस मोजून लावायचं. एकही सायकल फाटकाबाहेर गेली तर दुसऱ्या दिवशी तुम्हीही बाहेर, असं त्यांना कामावर घेतानाच सांगितलेलं होतं.

माझं काम हवामानाच्या नोंदींचं. सकाळी साडेसात आणि दुपारी अडीच. पांढऱ्या जाळीदार पेटीतले तापमापक वाचायचे, पाऊस असेल तर मोजायचा, वहीत लिहायचं आणि अकोल्याला कळवायचं. नऊ वर्षं झाली. आधी हे काम माझे यजमान राजू करायचे. ते गेल्यावर अनुकंपेवर मला मिळालं, आणि मिळालं ते दौलतरावांमुळे. ही नोंद मी सगळ्यांत आधी करते, कारण पुढचं सगळं त्यांच्याबद्दलच आहे.

दौलतराव आमचे डाकवाले. कचेरीतून निघालेला कागद साऱ्या विभागांत पोचवायचा आणि सही घेऊन परत आणायचा. माझी फाइल ज्या टेबलावर झोपायची तिथे हा माणूस जाऊन उभा राहायचा. बोलायचा नाही, नुसता उभा. आठ टेबलं त्यांनी अशी उभ्यानं पार केली. मी त्यांना कधी धन्यवाद म्हटलं नाही, आमच्यात तसं म्हणत नाहीत, पण माझ्या सख्ख्या भावानं केलं नसतं ते त्यांनी केलं. शाळेत नाव घालताना मास्तरांनी अर्ध्या गावासारखी त्यांचीही जन्मतारीख एक जून लिहिलेली. म्हणून येत्या एकतीस मेला ते साठीचे होऊन सुटणार होते.

"सुटल्यावर काय करणार?" मी विचारायची.

"काईच नाही. घरी जाऊन बसतो," ते म्हणायचे. "बाहीर बाज टाकतो, मनकर्णा भाकर देईन ते खातो. लय झालं बाप्पा फिरनं. मले फक्त घरी बसायचं हाये."

दुसरं काही त्यांनी मागितलेलं मी ऐकलं नाही. पोरगी अमरावतीला दिलेली, घरी नवराबायको दोघंच. बत्तीस वर्षं पायडल मारून गुडघे झिजले होते. नोकरी नीट संपावी आणि धडधाकट घरी पोचावं, एवढंच.

शेडमध्ये मोठी पाटी आहे: डबलसीट बसण्यास सक्त मनाई. ती पाटी लावणारा आमच्या भागातला नसणार. इकडे उन्हात कोणी पायी चाललेलं दिसलं आणि आपण सायकलवर असलो, तर मागून येतानाच जरा वेग कमी करायचा आणि "बसा" म्हणायचं. चालणारा दोन पावलं पळतो आणि चालत्या सायकलीवर एका बाजूनं बसतो. नाव विचारायचं नसतं. मागे वळून पाहायचं तर नसतंच, तोल जातो. तोंड पुढे ठेवून पाऊसपाण्याचं बोलायचं, आणि ठिकाण आलं की म्हणायचं, "आलं तुमचं, उतरा." कॅरिअर वर उसळतं आणि संपलं. बसवणाऱ्यानंच उतरवायचं, ही आमची रीत. अर्ध्या वाटेत न सांगता उडी मारणं उद्धटपणाचं आणि न उतरवता पुढे जाणं त्याहून वाईट. पाटीखालून सायकल काढून लोक पन्नास पावलांवर हेच करायचे, मीही करायची.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात दौलतराव माझ्याकडे डाक घेऊन आले ते घामानं निथळत. पारा सदतीस होता, घाम येणारच, पण त्यांचे पाय लटलट कापत होते.

"सायकल जड झाली ताई," ते म्हणाले. "चार नंबर. चढावर जसं काई कोनी मागून वढून राह्यलं."

मी माठातलं पाणी दिलं आणि युसूफभाईंना दाखवा म्हटलं. युसूफभाईंनी सायकल उलटी करून चाक फिरवलं. ते गरगर फिरत राहिलं, थांबायचं नाव घेईना. "बेरिंग एकदम टंच हाये," ते म्हणाले. "ब्रेक घासत नाही, चैन ढिली नाही. हवा कमी होती मागची, भरली. अब क्या करू, इंजन लावू का?"

दुसऱ्या दिवशी मागची हवा पुन्हा कमी. ट्यूब बदलली, तरी कमी. दौलतरावांनी चार नंबर सोडली आणि अकरा नंबर घेतली. आता अकरा नंबर जड झाली. चार नंबर मी घेतली तर ती पिसासारखी हलकी.

मी अंगारेधुपारेवाली बाई नाही. नऊ वर्षं दिवसातून दोनदा आकडा वाचून लिहिते, जो दिसेल तो, मनातला नाही. म्हणून मी दौलतरावांना बियाण्याच्या गोदामात नेलं. तिथे पोती तोलायचा मोठा काटा आहे. आधी सायकल ठेवली: एकवीस किलो. मग ती काढून ते स्वतः उभे राहिले: छप्पन्न. मग सायकल काट्यावर घेऊन ते सीटवर बसले आणि मी हँडल न धरता नुसती बाजूला उभी राहिले. त्यांनी भिंतीला एक बोट टेकलं होतं.

एकशे चौदा.

उतरा म्हटलं, पुन्हा बसा म्हटलं. तीन वेळा केलं. एकवीस आणि छप्पन्न सत्त्याहत्तर. वरचे सदतीस किलो कुठून येत होते ते मला सांगता येईना. सीटच्या मागे कॅरिअर होतं, त्यावर डाकेची कापडी पिशवी, आणि पिशवी रिकामी. टायर मात्र खाली दबून दोन्ही बाजूंनी फुगला होता. वहीत लिहावं म्हटलं तर हे कोणत्या रकान्यात लिहायचं?

दौलतराव खाली उतरून पोत्यावर बसले. गमछा हातात पिळू लागले.

"ताई, एक चुकी झाली माह्याकून," ते म्हणाले.

फेब्रुवारीतली गोष्ट. दुपारी पंपघराच्या रस्त्यानं ते कचेरीकडे परतत होते. पुढे एक जण पायी चाललेलं दिसलं, डोक्यावर कापड, मान खाली. ते "बसा" म्हणाले. कॅरिअर दबलं. वाटभर ते बोलत राहिले, हरभरा कसा झाला, नोकरीचे किती दिवस उरले, घरी बायको एकटी असते, पोरगी कुठे दिली, अंगणात बाज कुठं टाकायची ते. मागून हूं का चूं नाही, पण उन्हानं माणूस बोलत नाही कधी कधी. एवढ्यात साहेबांचा फोन आला, आत्ताच्या आत्ता या. ते थेट कचेरीत गेले, सायकल भिंतीला लावली आणि धावत वर चढले.

"उतरा म्हनलंच नाही म्या," दौलतराव म्हणाले. "अन् कोनी उतरलंही नाही. उतरलं असतं तं कॅरिअर वाजलं असतं ना?"

"माणूस होता की बाई?"

"काय मालूम."

"कुठं जायचं होतं त्याला?"

"आपन इचारतो का ताई? तुमी कधी इचारलं?"

मी नव्हतं विचारलं कधी. हे सगळं खुळचट आहे, आजारपणातून माणसाला असलं काहीतरी सुचतं, असं मी स्वतःला दोनतीनदा सांगितलं. पण काट्याला कुठे आजारपण होतं? शेवटी मी म्हटलं, मग म्हणून टाका की आता. त्यात काय जातं?

त्यांनी शेडपाशी म्हणून पाहिलं, पंपघरापाशी म्हणून पाहिलं. वसतिगृह, ग्रंथालय, गोठा, कांद्याची चाळ, मागचं बंद फाटक, सगळीकडे थांबून पाठमोरेच म्हणायचे, "आलं तुमचं, उतरा." पोरं हसायला लागली. कॅरिअर उसळलं नाही. दोन आठवडे हे चाललं आणि त्या दोन आठवड्यांत दौलतरावांच्या गालाची हाडं वर आली. वाशिमच्या डॉक्टरांनी सगळं तपासलं, काही निघालं नाही. आराम करा म्हणाले. आराम करा म्हणायला काय लागतं.

मी पुन्हा काट्यावर नेलं. ते एकोणपन्नासवर आले होते. सायकल एकवीस. आणि सायकलवर बसल्यावर बेरीज तीच, एकशे चौदा. यांच्या अंगातून गेलेले सात किलो मागे बसलेल्याकडे गेले होते. हे मी त्यांना सांगितलं नाही. पहिल्यांदाच आकडा वाचून मी गप्प राहिले.

"सायकलवर बसूच नका," मी म्हटलं. "पायी फिरा. डाक उशिरा पोचली तर जग बुडत नाही."

त्यांनी ऐकलं. दोन दिवस पायी फिरले, चेहऱ्यावर जरा पाणी आलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी सायकल घ्यायला गेले तर युसूफभाई शेडच्या दारात पंप हातात घेऊन नुसते उभे. वीसच्या वीस सायकलींची मागची हवा कमी झाली होती.

आम्ही कॅमेरा पाहिला. आदल्या संध्याकाळी सहाला युसूफभाई कुलूप लावून जाताना दिसतात. अजून उजेड होता. पाचएक मिनिटांनी एक नंबरची सायकल जराशी हलते, कोणी मागे बसल्यावर हलते तितकीच. मग ती सावरते आणि दोन नंबरची हलते, मग तीन. वीस नंबरपर्यंत जाऊन पुन्हा एकपासून. जाळीचं दार बंदच. युसूफभाईंनी तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणून दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवले आणि पडदा बंद केला.

"ते वाट पाहून राह्यलं," दौलतराव मागून म्हणाले. ते कधी येऊन उभे राहिले आम्हाला कळलं नव्हतं. "म्या नाही नेलं तं दुसऱ्या कोनाच्या मागं बसन. इथं शे-दोनशे लेकरं हायेत. बसवलं म्या, तं उतरवीन बी मीच."

मला त्यांचा राग आला. सुटायला दोन महिने उरलेत आणि या माणसाला रीतभात सुचते. मी तसं बोललेही, जरा जोरातच. ते नुसते हसले आणि चार नंबरची हवा भरायला लागले.

"आवारात सगळं पाहून झालं," मी युसूफभाईंना म्हटलं. "त्याला बाहेर जायचं असेल."

युसूफभाईंनी फाटकाकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं. घरी सबिहा, त्यांची लेक, बारावीला होती. ही नोकरी गेली तर दुसरी नव्हती. त्यांनी खिशातली शेडची किल्ली चाचपली.

"तीन ते पाच," ते म्हणाले. "सहाले मले वीस पाह्यजेत. और साधनाताई, तुमी संगं जा. याले येकट्याले नका सोडू."

अडीचची नोंद करून मी निघाले. पारा एकोणचाळीस पूर्णांक दोन, वारा नाही. दौलतराव चार नंबरवर पुढे, मी अकरा नंबरवर मागे. फाटकाबाहेर पडल्यावर आधी ते मालेगावच्या अंगाला वळले. शंभर पावलांत सायकल थांबली. ते पायडलवर उभे राहिले तरी चाक फिरेना.

मग शेलूबाजारकडे वळले. सायकल चालायला लागली.

"हलकं होऊन राह्यलं!" ते पुढून ओरडले. महिन्याभरात मी त्यांचा असा आवाज ऐकला नव्हता. माझ्याही जिवात जीव आला. चला, ठिकाण सापडणार, उतरेल कुठेतरी, आणि हा माणूस आपल्या घरी जाईल. हरभऱ्याची रिकामी शेतं दोन्ही बाजूंना, रस्त्यावर एखाददुसरी जीप. माझ्या डोळ्यांसमोर ते रिकामं कॅरिअर आणि त्याखाली दबलेला टायर. दर किलोमीटरला टायर थोडा वर येत होता.

दौलतराव पुढे बघून बोलायला लागले होते. माझ्याशी नाही.

"आलंच आता. घाबरू नका. आलंच."

मोठ्या रस्त्यावरून ते एका कच्च्या वाटेला लागले. मी कधी या वाटेनं आले नव्हते. दोन बाभळी, मारुतीचा पार, पिठाची गिरणी. तिथे त्यांचा वेग कमी झाला.

"ताई," ते म्हणाले, "हे तं आमच्याच गावात घेऊन आलं."

सायकल थांबत नव्हती. ते पायडल मारत नव्हते तरी थांबत नव्हती. एका बोळात वळली, पत्र्याच्या एका घरापुढे आली आणि उभी राहिली. अंगणात बाज टाकलेली होती.

दौलतरावांनी दोन्ही पाय जमिनीला टेकले. मान वळवली नाही. एवढ्याशा आवाजात म्हणाले, "आलं तुमचं. उतरा."

कॅरिअर वाजलं. मी ऐकलं. टायर वर उचलला गेला आणि सायकल एकदम इतकी हलकी झाली की ते पुढे कलंडले. मी धावत जाऊन धरलं. त्यांचा दंड माझ्या मुठीत सबंध मावला.

"गेलं," ते म्हणाले, आणि रडायला लागले. मीही रडले. कित्येक दिवसांनी त्यांना मोकळा श्वास घेताना पाहत होते.

घराचं दार लोटलेलं होतं. मी सगळं अंगण पाहून घेतलं. ऊन आणि ती बाज, दुसरं तिथे काही नव्हतं. मग दौलतरावांनी डोळे पुसले, सायकल भिंतीला लावली आणि दारापाशी गेले.

"मनकर्णा, पानी दे वं," त्यांनी हाक मारली.

दार उघडलं. मनकर्णाबाईंना मी आधी दोनदा भेटले होते, हळदीकुंकवाला एकदा आणि एकदा दवाखान्यात. त्यांनी दौलतरावांकडे पाहिलं आणि पदर डोक्यावरून पुढे ओढला, परक्या माणसापुढे ओढतात तसा. मग त्यांची नजर माझ्यावर गेली आणि चेहरा खुलला.

"साधनाताई! या ना. काहून उन्हात उभ्या?"

"मनकर्णाबाई," मी म्हटलं, "यांना पाणी द्या आधी. यांना आत घ्या."

त्यांनी पुन्हा त्या हाडकुळ्या माणसाकडे पाहिलं. भीती नाही, ओळख नाही. कोणालाही वाटावी तेवढी कणव वाटली असावी.

"घेतलं असतं," त्या हळूच मला म्हणाल्या, "पन आमचे घरधनी आत्ताच आले. जेवून राह्यले. लय दिवसांनी धड भूक लागली त्याह्यले."

आत ताटावर वाटी सरकवल्याचा आवाज आला. कोणीतरी भाकरी मोडत होतं.

दौलतराव उंबऱ्याच्या बाहेर होते. एक पाय त्यांनी उचलला होता, तो त्यांनी परत खाली ठेवला.

"कोन हाये वं?" आतून आवाज आला. नऊ वर्षं रोज दुपारी डाक घेताना ऐकलेला आवाज. माझ्या शेजारी उभ्या माणसाचे ओठ मिटलेले होते.

"कोनी नाही," मनकर्णाबाई आत पाहून म्हणाल्या. "वाटसरू हाये. पानी मांगून राह्यला."

त्यांनी गिलास भरून आणला. दौलतरावांनी तो दोन्ही हातांनी घेतला, उभ्यानंच पाणी प्यायले, गिलास विसळला आणि उंबऱ्याच्या बाहेर उपडा ठेवला.